लेबर आलं का?

पांढऱ्या जाळीतून गाळून उतरणाऱ्या हिवाळी उन्हात कौसल्याबाईंची बोटे मिरचीच्या कळीवर टेकत, आणि चिमट्याच्या टोकाने आतले पुंकेसर इतके अलगद निघत की कळीला त्याची वार्ताही नसे. बदनापूरजवळच्या आमच्या शेतात, थोरल्या भावाच्या शेडनेटमध्ये, त्या वीस वर्षे संकरित बियाणे घडवत होत्या. परागकण लावून झाले की त्या फुलाला लाल दोरा बांधायच्या. कुठल्या ओळीतले कोणते झाड रुसले आहे, हे त्यांना आमच्याआधी कळे.

आमच्या घरात मात्र त्यांच्यासाठी एकच शब्द होता, लेबर. "लेबर आलं का?" भाऊ रोज सकाळी मुकादमाला फोनवर विचारी. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. या शब्दाचा अर्थ श्रम, आणि प्रसूतीच्या कळाही, असे फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून देतो. जिने तीन लेकरांच्या कळा सोसल्या, त्या बाईला आम्ही खुशाल नपुंसकलिंगात ढकलून दिले होते! आलं, गेलं, जेवायला बसलं. अहो, गोठ्यातल्या गाईलासुद्धा आम्ही नावाने हाक मारतो. मला संताप येतो तो या व्याकरणाचा, आणि ते बिनदिक्कत बोलणाऱ्या आम्हा शहाण्यांचा.

यंदा कौसल्याबाईंची नजर मंदावली. एका सकाळी चार कळ्या चिमट्यात चिरडल्या. त्या समोर उभ्या असतानाच भावाने मुकादमाला फोन लावला. "हे लेबर आता बिलकुल कामाचं न्हाई राह्यलं. उद्या दुसरं धाडा."

कौसल्याबाईंनी चिमटा पदराला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"काढून राह्यले तर काढा, दादा. पर माझं नाव घेऊन काढा."

भावाने चिमटा उलटसुलट करून पाहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला नाव ठाऊक नव्हते. मला होते, आणि मी खाली मातीकडे पाहत राहिलो.

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

काळ माणसाला हळूहळू पुसत जातो आणि स्मृती त्याचे नाव तेवढे राखून ठेवते, असे मी आजवर मानत आलो. कौसल्याबाईंना पुसायला काळाची गरजच पडली नाही, एक शब्द आणि माझे मौन पुरेसे झाले.