खरखरीत बाजू

धामापूरच्या आसपासचे डोंगर तन्वीने उन्हाळाभर तुडवले होते. भूशास्त्रातल्या एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिला गार्नेट हे लाल दाण्यांचं खनिज हवं होतं, तेही ताजं. वरचं सगळं पावसापाण्याने कुजून गंज झालेलं. उद्यापर्यंत नमुना नाही मिळाला तर विषय बदल, असं सरांनी बजावलं होतं. ती विहिरीवर येऊन बसली तेव्हा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता.

तिची मातीने बरबटलेली जीन्स बघून, ती उतरली होती त्या घरच्या सुगंधाकाकीने कपडे धुवायचा धोंडा पहारीने उलटा केला. "जाड कापडाक ही खरखरीत बाजूच बरी." ती बाजू लुगडी फाडते, म्हणून काकीने एरवी जमिनीकडे वळवून ठेवलेली.

तन्वीने तांब्याभर पाणी ओतलं आणि बघतच राहिली. चकचकीत अभ्रकातून करवंदाएवढे लालबुंद दाणे वर आले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

"काकी, ह्येच्यासाठीच मी डोंगर पालथे घातलंय."

"ह्या पुळ्यांसाठी?"

तन्वीला आनंदाने धड बसवेना. "खडक जमिनीत खोल जाता, दबता, तापता, तेवा ह्यो दाणो वाढता. थरावर थर चढतत. मधी सुरवातीचो ताप, कडेक शेवटचो. बाकी खडक जुना सगळा इसरता, ह्यो इसरणा नाय. कापून बघलो काय खडक किती खोल गेल्लो ता कळता."

बोलता बोलता ती थबकली. सुट्या धोंड्याला कोण विचारतो? तो मूळ कुठला, हे सांगता यायला हवं.

"काकी, ह्यो धोंडो खंयसून आणल्लो?"

"आणूक कित्याक होयो? ही बाव खणताना तळातसून निघालो. खाली सगळो असोच आसा."

पुढचं ऐकायला तन्वी थांबली नाही. हातोडी घेऊन ती पायऱ्यांवरून खाली उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि कातळावर घाव घातला. ढलपी निघाली. आतले दाणे लाल, ताजे, गंजाचा मागमूस नाही.

"गावला काय गो?" वरून काकी.

तन्वीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने ढलपी बादलीत ठेवून दोर हलवला.

ती वर आली, तेव्हा काकी तिची जीन्स विहिरीच्या पायरीवर घासत होती. धोंडा पाणी मारून स्वच्छ केलेला, खरखरीत बाजू वर.

"धोंड्यार घास ना गे."

"नको," काकी म्हणाली. "दाणे झिजले तर?"