पाचवा रकाना

ती शस्त्रसंधीच्या रेषेवर सात वर्षं निरीक्षक होती. अनेक देशांनी मिळून नेमलेल्या तिच्या पथकाचं काम एकच: टेकडीवरून दोन्ही सैन्यांवर नजर ठेवायची आणि कुणी आगळीक केली की फॉर्मात नोंदवायची. फॉर्मात रकाने चार. पायदळ, रणगाडे, तोफा, विमानं. ठरून तीस वर्षं झालेली.

गेले दोन महिने मात्र घोंघावत यायचे ते ड्रोन, आणि त्यांना रकानाच नव्हता. ती समासात लिहायची. मुख्यालय ते खुशाल गाळायचं. वर जायचं ते एवढंच, की सगळं शांत आहे.

मग एका ड्रोनने पथकाच्याच गाडीवर स्फोटकं टाकली. ड्रायव्हरचा पाय गेला. हॉस्पिटलात त्याच्या बायकोने तिला दारातच अडवलं.

"रोज लिहिता ना काहीतरी? मग काय लिहीत होतात, ताई?"

तिथून ती तडक टेकडीवर गेली आणि दिसलेले ड्रोन मोजून फॉर्मात ठसठशीत लिहिलं: विमानं, अकरा.

दुपारपर्यंत एकच हलकल्लोळ! दोन्ही सैन्यांनी कानांवर हात ठेवले. पथकप्रमुखाने तिला फैलावर घेतलं.

"अक्कल गहाण ठेवलीत का? विमान म्हटलं की युद्ध समजतात!"

"काय समजायचं ते ड्रायव्हरला विचारा."

त्याने तिला टेकडीवरून काढून फायलींत बसवलं. पण बोभाटा व्हायचा तो झालाच होता. महिन्याभरात सदस्य देश बसले आणि पाचवा रकाना मंजूर झाला. प्रमुख कागद तिच्यापुढे आपटत म्हणाला, "घ्या. झाला तुमचा हट्ट पुरा. सही करा आणि उद्यापासून जा टेकडीवर."

तिने शेवटपर्यंत वाचलं. नोंद फक्त दोन किलोंवरच्या ड्रोनची.

"आपल्या गाडीवर आला तो दीड किलोचा होता. नंतर तो जवळच पडला, तेव्हा मीच वजन केलं त्याचं."

"त्याखाली कुणी यायला तयार नाही. दोन्ही सैन्यांकडे छोटेच जास्त आहेत."

"म्हणजे वापरतात तेच नेमके वगळलेत?"

"शहाणपणा पुरे. सही!"

तिने सही केली. खाली लिहिलं: दीड किलोच्या ड्रोनने आमच्या माणसाचा पाय गेला, हे सगळ्यांना माहीत असताना.

त्याने कागद हिसकावून टराटरा फाडला. "संध्याकाळच्या गाडीने चालत्या व्हा!"

तिने सामान बांधलं. राग होता, भीती नव्हती. पश्चात्ताप तर तिला शोधूनही सापडेना.