पंडितला प्रवेश नाही

संघप्रियानं एंटर दाबलं आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी भराभर वर सरकल्या. पंडितनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. तीन दिवस झाले, लेक ओसरीत बसून टंकते आहे आणि पडद्यावर ना चित्र, ना बटण. नुसती अक्षरं.

"यात दिसायलंय काय गं?"

"आत्ता कुलपं तपासायलेय, बाबा. घर मागून सजवू."

कुलपांचं म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. परभणीच्या एका कचेरीत रेकॉर्ड रूमचा शिपाई म्हणून त्यानं एकतीस वर्षं दुसरं केलं तरी काय होतं!

हे सगळं चाललं होतं केशरबाईसाठी. ती पंडितची बायको, पेडगावची आशा सेविका. गावातल्या बायांची दुखणी तिच्या वहीत आणि वही तिच्या पेटीत. आता संघप्रिया बनवत असलेल्या वेबसाइटवरून प्रत्येकीला आपला रक्ताचा रिपोर्ट आपल्याच मोबाइलवर दिसणार होता, दुसरीचा मात्र नाही. उद्या विहारात नावनोंदणी. पण सकाळीच शेजारची सुलाबाई दारातून सांगून गेली, "माझं नाव नको गं. पंडितभाऊच्या घरातली गोष्ट दुपारपस्तोर कट्ट्यावर जाती." तिच्यामागोमाग आणखी चौघींनी नाही म्हणून कळवलं. पंडितला ते फार लागलं, कारण सुलाबाईचं अगदीच खोटं नव्हतं; कट्ट्यावर बोलणारा तोच होता.

"मंजी चोराला आडवलंस तू," तो म्हणाला.

"पासवर्ड नसंल तर दारच उघडत न्हाई. आन् कुणाचा पासवर्ड मलासुद्धा वाचता येत न्हाई, असा ठेवलाय."

"आन् ज्याच्याजवळ चावी हाय, त्याचं काय?"

संघप्रियाचे हात थांबले.

"आमच्या रेकॉर्ड रूममधी चोर कधीच आला न्हाई बघ. यायचा तो आपल्या कामाला. अर्ज बरोबर, शिक्का बरोबर. मी पाठ फिरवली की भावाच्या फाइलीचं पान उलटायचा. आण तुझा लॅपटॉप इकडं."

सरावासाठी तिनं काही खोट्या नोंदी टाकल्या होत्या, त्यात एक त्याच्या नावाची होती. तिनं वेबसाइटचं साधं पान उघडून दिलं. पंडितनं एका बोटानं आपला पासवर्ड भरला. आपली नोंद उघडली. वरच्या पट्टीत, पानाच्या पत्त्याच्या शेवटी, त्याच्या नोंदीचा सतरा आकडा होता. त्यानं तो खोडून अठरा केला.

समोर कुणा कडूबाईची नोंद आली. तिचं वय, अंगात रक्त किती, गोळ्या कसल्या, सगळं उघडं पडलं. नाव खोटं होतं म्हणून बरं.

"ह्या बाजूनं मी बघितलंच न्हाई," संघप्रिया हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"शिपायाची नजर हाय ती. तुला कुठून यावी?"

तिनं समोरचा चहा तसाच निवू दिला. आधी तिनं एक नवी चाचणी लिहिली, पंडितनं केलं तेच करून बघणारी. चालवली, तर लाल ओळ आली.

"बिघडलं का?"

"आधी लालच पायजे, बाबा. भोक कुठं हाय ते हिला दिसतंय का, हे कळायला नको?"

मग तासभर ती दुरुस्ती करत बसली आणि पंडित तिच्या बोटांकडं बघत बसला. पुन्हा एंटर. लाल ओळीच्या जागी हिरवी आली. पंडितनं पुढं वाकून ती मोठ्यानं वाचली, "पंडितला प्रवेश नाही."

संघप्रिया चपापली. "घाईत तुमचंच नाव घातलं. वाचायला कसंतरीच वाटायलंय. बदलते."

पंडितची नजर त्या ओळीवरून हलेना. त्याचे वडील लिंबाजी जन्मभर लोकांच्या ओसरीखाली उभे राहिले. तो स्वतः शाळेत असताना वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायला. प्रवेश नाही, हे या घराला लिहून दाखवायची गरज कुणाला कधी पडली नव्हती. आज ते लिहून आलं होतं. पण दार त्याच्या लेकीनं केलं होतं, कुलूपही तिचंच होतं.

"बदलू नको," तो म्हणाला. "आन् पुन्यांदा चालव एकदा."

ओळ पुन्हा हिरवी आली. तेवढ्यात सुलाबाई दळण घेऊन दारावरून चालली होती.

"काय भाऊ, लय खूश दिसायलाव?"

"आमच्या संघप्रियानं मला आत येऊ दिलं न्हाई!" पंडितचा आवाज कट्ट्यापर्यंत गेला असेल. "चावी असून बी आडवलं मला! नाव घालून लिवलंय, ये, तूच बघ. दुसऱ्याचं कायबी दिसत न्हाई आता मला!"

सुलाबाई थबकली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग संघप्रियाकडं. डोक्यावरचं दळण उतरवून तिनं पायरीशी चपला काढल्या.

"लिव गं माझं नाव," ती म्हणाली. "आन् भाऊ, तुमी जरा तिकडं जाऊन बसा."

पंडित ताठ मानेनं उठला आणि अंगणात जाऊन बसला.