हजर कोणी म्हणायचं?

पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात सकाळची हजेरी होते. एका बाजूला जप्त केलेल्या मोटारसायकली धूळ खात पडलेल्या, दुसऱ्या बाजूला गळका नळ, आणि मधल्या जागेत शिपायांच्या दोन रांगा. हवालदार नाव घेतो, ज्याचं त्यानं 'हजर' म्हणायचं. समोर उभा असूनही जो बोलत नाही तो गैरहजर. नियम जुना आहे, आणि त्याला अपवाद नाही.

एका शिपायाच्या बाबतीत मात्र हवालदाराची पंचाईत व्हायची. अर्धं नाव तोंडातून निघालं की रांगेतून आवाज येई, "हजर!"

"अरे, आडनाव तरी घेऊ दे. दुसऱ्या कुणाचं असलं म्हणजे?"

"मग त्याची ड्यूटीही माझ्याच नावावर टाका!"

रांग हसायची. त्याचं नावच घाई पडलं होतं.

घाईची बायको मागच्या रांगेत असे. तीही शिपाईच, नेमणूक बिनतारी खोलीत. तिला सगळं ठाणं 'कंट्रोल' म्हणे. "कंट्रोल, चहा आलाय, ओव्हर," असं कुणीतरी दारातून ओरडायचं, आणि ती आतून म्हणायची, "साखर जास्त, ओव्हर."

एका नाकाबंदीत ट्रक थांबला नाही. लोखंडी अडथळ्यामागे घाई उभा होता. संदेश बिनतारीवर आला तेव्हा खुर्चीवर तीच होती. तिनं ठिकाण पुन्हा विचारून घेतलं, रुग्णवाहिका पाठवली, वरिष्ठांना कळवलं. सगळं झाल्यावर कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्याला म्हणाली, "आता तू बस."

रजा संपवून ती परत आली तेव्हा तिला कुणी कंट्रोल म्हणेना. ती 'वहिनी' झाली होती. चहा न मागता टेबलावर येऊ लागला. साखर बेताची.

कामावर मरण आलेल्या पोलिसांच्या स्मरणाचा कार्यक्रम दरवर्षी कवायतीच्या मैदानावर होतो. तिथेही नावं हजेरीसारखीच पुकारतात. ज्या ठाण्याचा माणूस, त्या ठाण्याचा प्रतिनिधी एक पाऊल पुढे येतो आणि त्याच्या वतीनं 'हजर' म्हणतो. माणूस गेला तरी रांगेतली त्याची जागा गेली नाही, असा त्याचा अर्थ. घाईच्या नावाला आपण उत्तर द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. ती इन्स्पेक्टरांकडे गेली.

"बसा वहिनी." इन्स्पेक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. "तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. हजर मी म्हणणार आहे. पोलिसांचा प्रतिनिधी पोलीसच असतो ना?"

"मग मी कोण आहे, सर?"

"तुम्ही आहातच हो पोलीस. पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी तुम्ही कुटुंब. युनिफॉर्म नको, साधी साडी बरी. नवरा गेलेली बाई माइकसमोर उभी राहिली, रडली-बिडली, तर कार्यक्रमाचा विचका व्हायचा."

"संदेश घेतला तेव्हा नाही रडले, सर."

इन्स्पेक्टरांनी बेल दाबून पाणी मागवलं. तिच्यासाठी.

घरी वेगळंच ठरत होतं. चौकात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दिराला सासूनं नवा शर्ट आणायला सांगितलं होतं. कार्यक्रमात घाईचं पदक तो घेणार होता.

"वहिनी, मला हौस नाही हो," दीर म्हणाला. "आई ऐकत नाही."

"घरात पुरुष असताना बाई कशाला पुढे?" सासू कपड्यांच्या घड्या घालत होती. "आणि तू म्हणे ओरडणार तिथं?"

"ओरडायचं नाही, आई. हजर म्हणायचं."

"तेच ते. नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांत आवाज काढू नये. तुझे सासरे गेले, तेव्हा माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. लोकांनी नावाजलं मला."

हे म्हणताना म्हातारीचे हात थांबले होते. मग तिनं तीच घडी मोडून पुन्हा घातली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती साध्या साडीत पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला दीर. नावं पुकारायला त्यांच्याच ठाण्याचा हवालदार होता, आवाज मोठा म्हणून. पदकं देणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहून शेवटी नावं सुरू केली. चार-पाच नावं झाली असतील, तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांची गाडी आली. इन्स्पेक्टर टोपी सावरत तिकडे धावले.

त्याच वेळी हवालदारानं घाईचं अर्धं नाव उच्चारलं आणि तो थांबला. सवयीनं.

मग त्यानं आडनाव घेतलं. कुणी बोललं नाही. ठाण्याचे शिपाई रांगेत ताठ उभे होते. हुकमाशिवाय रांगेतला माणूस बोलत नाही. हवालदारानं पूर्ण नाव पुन्हा घेतलं. या वेळी आवाज चिरकला.

ती खुर्चीतून अर्धी उठली. माइक पाच-सहा पावलांवर होता. सासूनं मनगट धरलं. "बस. लोक बघतायत." दिरानं मान खाली घातली. ती हात सोडवू शकली असती. प्रशिक्षणात तिनं धट्ट्याकट्ट्या माणसांच्या पकडीतून हात सोडवले होते. पण सासूनं दुसऱ्या हातानं पदर तोंडावर दाबून धरला होता. ती बसली.

हवालदारानं पुढचं नाव घेतलं.

पुढे सगळं रीतसर झालं. पदक दिरानं दोन्ही हातांनी घेतलं. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, थोडं बाजूला." इन्स्पेक्टर घाम पुसत आले. "नाइलाज झाला वहिनी. गाडी नेमकी तेव्हाच. पण पेपरात नाव येईल, मी बघतो." पेपरात आलं. पाहुण्यांच्या फोटोखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती युनिफॉर्म घालून मागच्या रांगेत उभी राहिली. हवालदारानं तिचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा घेतलं. नळ ठिबकत होता. बाजूला इन्स्पेक्टर उभे होते.

"वहिनी," हवालदार हळूच म्हणाला, "समोर तर आहात. हजर म्हणा ना. नाहीतर गैरहजर मांडावं लागेल."

"काल मी समोरच होते," ती म्हणाली. "मांडा."

हवालदारानं इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर मोटारसायकलींकडे पाहत होते. हवालदारानं पेन टेकवलं, गैरहजेरीची खूण केली, आणि पुढचं नाव घेतलं.

"हजर," पुढचा शिपाई म्हणाला. जेमतेम ऐकू येईल इतकंच.