गंजक्या किटलीचा एकुलता श्रोता

मित्रांनो, माझ्या चाकात पेन्सिल घालून गरागरा फिरवायची मजा तुम्हाला ठाऊक नसेल. मी कॅसेट. वय झाले आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म विलायतेतला. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात स्क्रूच्या कारखान्यात काम करणाऱ्या चार मित्रांनी हेवी मेटल बँड काढला. नाव ठेवले 'रस्टी केटल', म्हणजे गंजकी किटली. त्यांचा ड्रमर असा बडवी की शेजारची कपाटे हलत, आणि गायक पोटात कळ आल्यासारखा ओरडे. एकदा भर कार्यक्रमात फ्यूज उडाला, सगळे गप्प झाले, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. तरी पोरांनी हौसेने आमच्या थोड्या कॅसेटी काढल्या. त्या खपल्या नाहीत. पुढे गायकाने बेकरी टाकली आणि बँड मोडला. मला फार वाईट वाटले.

गिटार वाजवणारा कॉलिन एसीचा इंजिनियर होऊन सौदीत, रियाधला आला. तिथल्या अल सुलै भागातल्या गोदामात नाशिकचे गुरुनाथ त्याच्याबरोबर काम करत. १९९१ साली आखाती युद्ध तोंडावर आले तेव्हा तो मायदेशी निघाला आणि जाताना गुरुनाथांच्या मुलीला, स्वानंदीला, मला देऊन गेला. ती मला दिवसभर वाजवी. "फडताळ कोसळल्यागत काय ते," असे तिची आई अलका म्हणे, पण मला बंद करत नसे.

त्या घरात पत्राऐवजी कॅसेटवर बोलायची रीत होती. भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर ती कॅसेट पाठवायची. युद्ध सुरू झाले, क्षेपणास्त्रे येऊ लागली, फोन लागेना. नाशिकला अलकाचे वडील सुरेशराव काळजीने जेवत नाहीत, असा निरोप आला होता. त्यातच शेजारचे हेमचंद्र जेद्दामार्गे मुंबईला निघाले. बत्हा बाजारातली दुकाने बंद होती आणि घरातल्या बाकी कॅसेटी आधीच नाशिकला गेल्या होत्या. उरले मी एकटी.

"पपा, नॉट दिस वन, प्लीज. सगळं मिट जाएगा."

"एकाच बाजूवर बोलतो गं. आजोबांना आपला आवाज ऐकू दे की."

मग स्वानंदीनेच मला पुढे केले.

गाण्याच्या कॅसेटवर बोलणे भरायचे तर तिच्या पाठीवरची खाच चिकटपट्टीने बुजवावी लागते. आणि विषारी वायूच्या भीतीने घरातली सगळी चिकटपट्टी खिडक्यांना लागली होती. गुरुनाथांनी एका खिडकीच्या कोपऱ्यातला तुकडा सोलून काढला.

"आणि वायू आला म्हणजे?" अलकाने विचारले.

"तिथे तू बोट धर. यल्ला, चल, बोल आता."

सगळे बोलले. शेवटी अलका म्हणाली, "बाबा, इथे अगदी शांत आहे. तुम्ही जेवत जा." खाली हेमचंद्रांच्या गाडीचा हॉर्न वाजला. "खलास," म्हणून गुरुनाथांनी मला पाकिटात घातले. बोलणे संपले तरी माझी ती बाजू संपली नव्हती, हे घाईत कुणाच्या ध्यानात आले नाही.

नाशिकला सुरेशरावांनी मला लावले. लेकीचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरले. "इथे अगदी शांत आहे. तुम्ही जेवत जा." आणि पाठोपाठ माझे उरलेले गाणे सुरू झाले. धडाड धूम, धडाड धूम, आणि एक माणूस जिवाच्या आकांताने किंचाळला.

सुरेशराव मला टेपरेकॉर्डरसकट उचलून शेजारच्या विजयकुमारांच्या फोनकडे धावले. दिवसभर नंबर फिरवल्यावर एकदाचा तो लागला.

"अलका, घरावर बॉम्ब पडला ना? खरं सांग. माझ्याकडे आवाज आहे." त्यांनी मला फोनपाशी वाजवले.

पलीकडून मायलेकींचे हसणे मलासुद्धा ऐकू आले.

"बाबा, तो ड्रम आहे."

"मग हा माणूस का रडतोय?"

"आजोबा, वो गा रहा है," स्वानंदी म्हणाली.

सुरेशराव मटकन खुर्चीत बसले. "गातोय होय? गाऊ दे, गाऊ दे." फोन ठेवून त्यांनी विजयकुमारांना विचारले, "घरात काही खायला आहे का हो?"

मित्रांनो, सुरेशराव आता नाहीत. मी स्वानंदीच्या कपाटात असते आणि माझी फीत सैल झाली आहे. तुमच्याही घरात जुने आवाज असतील. धूळ पुसा, एकदा लावून बघा, आणि पुसायचेच असतील तर आधी शेवटपर्यंत ऐका. माझ्या चार पोरांना त्यांच्या गावात कुणी ऐकले नाही. नाशिकला मात्र युद्ध संपेपर्यंत एक म्हातारा रोज ताटावर बसून मला लावी, आणि लेकीच्या बोलण्यामागून येणारे ते गाणे पुरते संपल्याशिवाय पहिला घास तोंडात घालत नसे.