खंडेनवमीचं तूप

मी एक जुनी मोटार आहे मित्रांनो, आणि माझ्या पोटात राग आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं, असा रिवाज आहे. मला तो पाळता येणार नाही. माझं काही गंगेला मिळालेलं नव्हतं, सगळं माझ्या मागच्या आसात साठून राहिलं होतं.

माझा जन्म विलायतेतला. आगबोटीतून मी मुंबईला उतरले आणि तिथून धारला एका सरदारांच्या पागेत आले. पागा घोड्यांची होती. मोटार ठेवायला वेगळी जागा नव्हती, म्हणून मलाही घोड्यांच्या रांगेत उभं केलं. पागेचे कारभारी होते जगदेवराव. घोड्याची नाडी त्यांना दुरून कळे, मोटारीतलं मात्र काही कळत नसे. तरीही माझ्याबद्दलचा हुकूम त्यांचाच चाले.

मला चालवायचा विठोबा. सकाळी माझ्या टपावर हात ठेवून तो म्हणायचा, "चला बाई, निघू या." माझ्या तेलापाण्याची काळजी तो स्वतःच्या जेवणाच्या आधी घ्यायचा. मांडूचा घाट मी त्याच्या हाताखाली धाप न लागता चढायचे आणि सरदार मागे बसून डुलक्या घ्यायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीची खंडेनवमी आली. मराठ्यांच्या घरी त्या दिवशी शस्त्रांची आणि घोड्यांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. विठोबा बायकोला, सीतेला, आणायला कुक्षीला तिच्या माहेरी गेला होता. पागेतल्या घोड्यांना त्या दिवशी गूळ-तूप चारायची पद्धत होती. जगदेवरावांनी घोडे उरकले, मला हळदकुंकू लावलं आणि त्यांच्या मनात आलं की हिनेच काय पाप केलंय? तुपाने घोडा तकाकतो, मग मोटार का नाही?

माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे. त्याच्या आत दातेरी चक्रं जाड तेलात फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकांना देतात. रावसाहेबांनी त्या गोळ्याचं बूच स्वतःच उघडलं, चांगलं तेल मातीत सोडून दिलं आणि घरून आणलेली तुपाची बरणी आत रिकामी केली. वर बुचालाही कुंकू लावलं. मी काय करणार होते? मला तोंड नाही.

तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पाण्यासारखं होतं. माझे दात एकमेकांवर कोरडे घासू लागले आणि त्यातून एक बारीक गुणगुण निघू लागली. विठोबाने ती पहिल्याच फेरीत ओळखली. "रावसाहेब, गोळा उघडून बघायला पाहिजे," तो म्हणाला. जगदेवरावांचा चेहरा पडला. आपला उंटावरचा शहाणपणा गावभर होणार, हे त्यांना उमगलं. ते म्हणाले, "पूजा झालेल्या गाडीला हत्यार लावायचं नाही."

पुढच्याच आठवड्यात सरदारांनी विचारलं, "हा आवाज कसला?" जगदेवरावांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "ड्रायव्हरने तेल विकून खाल्लं, सरकार. गोळा कोरडा पडलाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. विठोबाला हाकललं. धारच्या बाजारात त्याचं नाव 'तेलचोर' पडलं आणि त्या नावाच्या माणसाच्या हाती कोण गाडी देणार? तो मोटारस्टँडवर लोकांच्या पेट्या वाहू लागला. विहिरीवर सीता पाण्याला गेली की बायका तेलचोराची बायको आली म्हणून घागरी बाजूला ओढत. हे मला कळायचं, कारण मी त्याच रस्त्याने जायचे. मी तेव्हाच डूख धरला. दात झिजले तरी चालतील, पण हा आवाज मी मरू देणार नाही, असं मनाशी म्हटलं.

संस्थानं विलीन झाली, सरदार मला जगदेवरावांना देऊन पुण्याला निघून गेले आणि मी त्यांच्या दारात उभी राहिले. ते मला फारसं बाहेर काढत नसत. काढलं की मी गुणगुणायचे. सोयऱ्यांना घेऊन मोहनखेड्याच्या बाजूला निघाले तेव्हा मी असा सूर लावला, की मागच्या मंडळींना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. रावसाहेब घाम पुसत राहिले. मला बरं वाटलं.

शेवटी त्यांनी मला विकायला काढलं. देवासहून भास्करराव आले. त्यांच्या भाड्याच्या मोटारी देवास-कन्नौद रस्त्यावर चालायच्या. त्यांनी मला स्वतः चालवून पाहिलं. खडीवरून आणि मऊ मातीवरून नेलं, आवाज तोच; म्हणजे टायर नव्हे. वळणावर झोकलं, तरी तोच. म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, सूर उतरला. पाय दिला, सूर चढला. म्हणजे दुखणं गोळ्यातच.

"गोळा उघडा," ते परत येऊन म्हणाले.

"गरज नाही. जुन्या ड्रायव्हरने तेल चोरलं होतं, त्याचा आवाज आहे," जगदेवराव म्हणाले.

"मग उघडायला काय हरकत? नाही उघडणार तर मी चाललो."

नाक दाबलं की तोंड उघडतं. रमजान मिस्त्रीला बोलावलं. जगदेवरावांची बायको उमाबाई पाहुण्यांसाठी चहा घेऊन अंगणात आली, तेवढ्यात बूच निघालं. आतून पिवळट काळे गठ्ठे परातीत पडले आणि खवट वास सगळ्या अंगणात पसरला.

रमजानने बोटावर घेऊन हुंगलं. "भिया, ये तो घी है."

"त्या तेलचोराचंच काम," जगदेवराव घाईघाईने म्हणाले. "तेल काढून तूप भरलं असेल."

उमाबाईंनी चहाचं ताट खाली ठेवलं. "अहो, विठोबा तेव्हा कुक्षीला होता," त्या म्हणाल्या. "तूप माझ्या हातचं आहे. खंडेनवमीला तुम्ही अख्खी बरणी उचलून नेली होती. रात्री मला पोळीला तूप उरलं नव्हतं, ते मी विसरलेले नाही."

भास्कररावांनी विठोबाला स्टँडवरून बोलावून घेतलं. परातीतला एक गठ्ठा त्याने बोटांनी चुरून पाहिला. जगदेवराव म्हणाले, "झालं ते झालं, विठोबा. मनात ठेवू नकोस."

"नाही ठेवत," विठोबा म्हणाला. "रावसाहेब, मागं बसा." भास्कररावही म्हणाले, "बसा. सौद्याचं त्यानंतर बोलू."

गोळ्यात तेल भरलं होतं, पण झिजलेले दात तेलाने उगवत नाहीत. विठोबाने मला मुद्दाम बाजारातून काढलं आणि मी उभ्या आयुष्यात गायले नव्हते अशी गायले. प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढे तो थांबायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "सांगा, रावसाहेब." जगदेवराव खिडकीतून सांगायचे, "गोळ्यात तूप मी घातलं होतं. विठोबाने काही चोरलं नाही." स्टँडवर हमाल हसले. "रावसाब, मोटर के घी पिलायो?" एकाने विचारलं. मला त्या हसण्याचा आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही.

शेवटचा थांबा विहिरीचा. तिथे विठोबाने दार उघडून रावसाहेबांना खाली उतरवलं. बायकांच्या गर्दीत सीता घागर भरत होती. जगदेवरावांनी मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

सीतेने घागर कमरेवर घेतली. "एकदा म्हणून कसं भागेल?" ती शांतपणे म्हणाली. "आम्ही इथं रोज ऐकलंय. तुम्हीही उद्यापासून रोज यायचं, पाण्याच्या वेळेला."

मित्रांनो, पुढे भास्कररावांनी मला देवासला नेलं, नवी चक्रं बसवली आणि विठोबाला माझ्यावर ड्रायव्हर ठेवलं. माझा आवाज गेला. तुमची गाडी गुणगुणू लागली तर आधी वाकून तिच्याखाली बघा, मग माणसांकडे बोट दाखवा. बुचाला कुंकू लावून आतली घाण झाकू नका. कुंकू पुसलं जातं, आवाज राहतो.

आणि जगदेवराव? ते दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला विहिरीवर गेले. उमाबाईंनीच पाठवलं होतं.