दोनशे चौदा: घरची

“बसतंय का?”

पॉलिशपेपर, एकशेवीस नंबर. दोन पाकिटं.

प्लास्टरमध्ये पाणी घातलं की ते गरम होतं. मग आपलं आपण निवतं.

वहीचं नववं पान. ‘२१४. घरची. खालचा जबडा. उजवीकडच्या दोन दाढा.’

आत्या: “दात कोरून पोट भरतं होय गं?”

आता नीट सांगते. बाबा कवळ्या बनवायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा त्यांनी जपून ठेवला, असे सहाशे. नावं वहीत, साच्याच्या बुडाला फक्त पेन्सिलीने नंबर. मी शिल्पं करते. ते सहाशे जबडे मी प्रदर्शनासाठी एका आर्ट गॅलरीच्या भिंतीवर मांडायला घेतले. फळीवर डुगडुगत होते, म्हणून सगळ्यांची बुडं घासून सपाट केली. पंधरा दिवस घासत होते. वही उघडली ती त्यानंतर.

आईचा एकही फोटो नाही. मी दोन वर्षांची असताना ती गेली. ‘घरची’ म्हणजे ती. या सहाशेत ती आहे, आणि कुठे आहे ते मीच पुसून टाकलंय.

बाबांना ओळखता येईल. पण झटका आल्यापासून त्यांच्याकडे दोनच शब्द उरलेत, गिऱ्हाइकाच्या तोंडात कवळी घातल्यावर विचारायचे ते. चहा दिला तरी “बसतंय का?” डॉक्टर आले तरी “बसतंय का?” डॉक्टर म्हणाले, “बसतो ना,” आणि खुर्ची ओढली.

खालचे जबडे वेगळे काढले. त्यांतले उजवीकडच्या दोन दाढा नसलेले, एकतीस.

मग मी माझ्याच दातांचा ठसा घेतला. म्हटलं, लेक आहे, काहीतरी उतरलं असेलच. एकेक साचा शेजारी ठेवून पाहिला. बाविसाव्यात सुळा अगदी माझ्यासारखा वाकडा. मी फरशीवर बसून रडले. आत्याला बोलावलं.

आत्याने साचा उलटसुलट करून पाहिला.

“अगं, हा माझा!” तिने ओठ खाली ओढून सुळा दाखवला. “तू आमच्या वळणावर गेलीस. वहिनीचं तुझ्यात काही म्हणजे काही नाही.”

“आत्या, असं नको ना बोलूस.”

“मग काय बोलू? खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. तू खायचेच भिंतीवर टांगायला निघालीस, बाई.”

गॅलरीवालीचा फोन आला.

“कुठलाही घे. कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“उद्या अकराला लोक येतील. आज चारपर्यंत मधोमध ठेवायचा तुझ्या आईचा साचा आणि त्याखालची पाटी हवी.”

उरलेले तीस घेऊन बाबांसमोर बसले. एकेक त्यांच्या डाव्या हातात दिला. ते अंगठा हिरड्यांवरून फिरवत.

“बसतंय का?”

“नाही, बाबा.”

“बसतंय का?”

“नाही.”

तीसच्या तीस. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला मला माझा आवाज आवरेना.

“बाबा, तिचा हातात आला की फक्त गप्प राहा. काही बोलू नका. एवढंच करा हो माझ्यासाठी!”

शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

“बसतंय का?” बाबा म्हणाले.

सतराव्याला ते गप्प राहिले. साच्यावर मूठ आवळलेली.  मग वाकून पाहिलं. त्यांचा डोळा लागला होता.

साडेतीन वाजले होते. मी एकेक बोट उचलून तो साचा सोडवला, गॅलरीत नेला, फळीच्या मधोमध ठेवला. खाली पाटी लावली: आई.

वहीत नोंद आहे: आई गेली त्या दिवशी बाबांनी एक वरची कवळी पूर्ण केली आणि गिऱ्हाइकाला वेळेवर पोचती केली.